त्रेपन्न गाठींचं उपरणं

फार जुन्या काळची गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा विहिरी खोल होत्या आणि माणसं थोडकं बोलत. सगळीच नव्हे म्हणा, नाहीतर ही गोष्ट घडलीच नसती. तेव्हा पोरांनो, नीट मांडी घालून बसा. आणि पोरांच्या मागे बसून, आपलं लक्षच नाही असं दाखवणारे थोर लोकहो, तुम्हीही कान इकडे करा.

एका गावात दोर वळणारी एक म्हातारी होती. सगळं गाव तिला आत्या म्हणायचं, कारण तिचा भाचा तिला आत्या म्हणायचा. ऐन तरुणपणी कुंकू पुसलं गेलं, तशी ती माहेरी परतली आणि बापाच्या हाताखाली दोर वळायला बसली. बाप गेला, भाऊ गेला, भावजय गेली. मागे उरला भावाचा एवढासा पोर, भावाचं एक उपरणं आणि अंबाडीच्या वाखाचा ढीग. तिन्ही तिनं सांभाळली.

गावाला एकच मोठी विहीर. तिच्यावर मोट चालायची. बैल उतारावरून खाली चालत गेले की दोर ओढला जायचा, दोर चाकावरून सरकायचा आणि पाण्यानं भरलेली चामड्याची मोट वर यायची. त्या दोराला नाडा म्हणत. साठ हात लांब, मनगटाएवढा जाड. दरसाल माघी पुनवेला जुना नाडा उतरवायचा, नवा चढवायचा, आणि तो आत्याच्याच घरचा असायचा. आजापासूनचा मान होता तो. नव्या नाड्यानं वर आलेली पहिली मोट आत्याच्या दारच्या हौदात रिकामी व्हायची, मग गावाच्या शेतात.

पण या वर्षी आत्याची बोटं वळेनात. वाळलेल्या शेंगांसारखी ताठ झाली होती. भाकरी थापताना रडू यायचं, तिथं साठ हात दोर कुठला वळणार?

पाटील सांगून गेला होता, "आत्या, घरच्या हातानं नाडा झाला तर मान तुमचा. नाही झाला तर ओढ्यापलीकडचा दोरवाला तयार आहे. विहिरीला थांबता येत नाही."

"का नाही होणार?" आत्या म्हणाली होती. "माझा भाचा वीस वर्षांचा घोडा आहे."

घोडा होता खरा. नुसता चौखूर उधळलेला.

भाच्याला मोठा माणूस व्हायचं होतं. तसं त्यात वाईट काही नाही, वीस वर्षांच्या पोराला लहान माणूस व्हावंसं वाटलं तर त्याला वैद्याकडेच न्यावं. पण मोठं होण्याचा मार्ग त्यानं असा काढला होता, की मोठ्या माणसांच्या दारी जायचं आणि विचारायचं, "मी मोठा कसा होऊ?" ते काहीतरी सांगत. फुकट सांगायला कोणाचं काय जातं? मग ते विसरू नये म्हणून हा बापाच्या उपरण्याला एक गाठ मारायचा.

"आत्या, खूणगाठ," असं म्हणून छाती काढायचा.

पहिली गाठ पैलवानाची: पहाटे उठावं. दुसरी वैद्याची: पोटात दोन घास जागा ठेवावी. तिसरी कारभाऱ्याची: काम पुरं झाल्याशिवाय कोणाला दाखवू नये. चौथी परत पैलवानाची. वाटेनं जाणाऱ्या गोसाव्यानं एकदम दोन सांगितल्या, तर त्यानं दुहेरी गाठ मारली. आत्या आपली बघत राहायची. वाटायचं, ऐकतोय तर ऐकू दे. चांगल्याच गोष्टी आहेत. चहाडी तर शिकत नाही ना?

दसरा झाला. अंबाडी पाण्यात कुजवून, झोडपून, धुऊन, वाळवून झाली. पांढऱ्याशुभ्र वाखाचे पुंजके आढ्याला टांगले. आत्यानं भाच्याला समोर बसवलं, एक टोक त्याच्या पायाच्या अंगठ्यात अडकवलं आणि म्हणाली, "हे बघ. सगळी विद्या एका वाक्यात सांगते. पेड बारीक व्हायची वाट बघायची नाही. जाड आहे तोवरच पुढून चिमूटभर वाख सरकवायचा, आणि हात थांबवायचा नाही. बस. माझ्या बापानं मला एवढंच सांगितलं."

भाच्याचे डोळे पाणावले. "वा आत्या. काय बोललीस," तो म्हणाला.

आणि अंगठ्यातला वाख सोडून त्यानं उपरणं पुढे ओढलं, अन् त्याला सातवी गाठ मारली.

शेजारी पाण्याचा तांब्या होता. तो त्याच्या डोक्यात न घालता आत्या पाणी प्यायली, एवढंच सांगते. तिचा स्वभाव किती गरीब होता ते त्यावरून समजा.

त्या दिवसापासून गाठी वाढत गेल्या आणि दोर आपला होता तेवढाच राहिला. भाचा पहाटे उठायचा. पहिली गाठ तेवढी त्यानं इमानानं पाळली. उठून ओट्यावर बसायचा आणि जपमाळ ओढावी तशी एकेक गाठ बोटांनी चाचपत म्हणायचा, "ही लवकर उठण्याची. ही कमी खाण्याची. ही... ही कसली बरं?" मग आठवेपर्यंत दुसरं काही नाही. ऊन दारात यायचं, दारातून आत यायचं, आतून बाहेर जायचं. नाहीच आठवलं तर तो पैलवानाला विचारायला तालमीत जायचा, आणि पैलवान त्याला नवीन तीन सांगून परत पाठवायचा.

उपरण्याचे दोन्ही पदर भरले. मग काठ भरले. मग मधल्या कापडालाच चिमटा घेऊन गाठी सुरू झाल्या. खांद्यावर टाकलं की उपरणं मुडद्यासारखं लोंबायचं. गावची पोरं त्याला गाठोबा म्हणायला लागली. त्यालाही ते आवडलं, हे आणखी.

"आत्या, आज किती झाल्या सांग?"

"दोर किती हात झाला ते सांग आधी."

"बावन्न झाल्या. गावात एवढं शहाणपण कोणाजवळ नाही."

"खरंय. सगळं गाव तुझ्याजवळ टाकून मोकळं झालंय. आता बाकीचे बिनशहाणपणाचे सुखानं कामं करतात."

"तू चिडतेस आत्या. रागावर ताबा ठेवावा. अडतिसावी."

"आणि बावन्नावी कसली?"

भाच्यानं शेवटची गाठ चाचपली. "आजचं काम उद्यावर टाकू नये."

"मग बस की वळायला."

"उद्यापासून बसतो," भाचा म्हणाला.

आता सांगा, अशा माणसाला काय करावं? एकदा आत्यानं उपरणं धान्याच्या कणगीत लपवलं. तर त्यानं धोतराच्या सोग्याला गाठी मारल्या आणि दिवसभर अडखळत चालला. शेवटी तिनंच उपरणं काढून दिलं. चालताना पडून भाच्याचा पाय मोडला असता, तर तेही तिलाच निस्तरावं लागलं असतं.

संक्रांत गेली. माघी पुनव पंधरा दिवसांवर आली, तेव्हा आत्या उंबऱ्यावर बसली आणि पहिल्यांदाच चिडली नाही. नुसती म्हणाली, "बाळा, माझी बोटं गेली. तुझी आहेत. या घराचा नाडा विहिरीवर चढला नाही, तर मी त्या हौदाकडे कशी बघू?"

भाचा मनानं वाईट नव्हता हो. वाईट असता तर सोपं होतं, दोन दिले असते. त्याच दिवशी तो वाख घेऊन गोठ्यामागच्या पडवीत गेला आणि दार लावून घेतलं.

"दार कशाला?"

"तिसरी गाठ आत्या. काम पुरं झाल्याशिवाय दाखवू नये."

रोज आतून वाखाची खसखस ऐकू यायची. आत्याचा जीव थोडा खाली बसला. दाराबाहेरून ती विचारायची, "पेड जाड असतानाच वाख सरकवतोस ना रे?"

"हो आत्या," आतून यायचं.

ते "हो" खरं नव्हतं आणि खोटंही नव्हतं. त्याला वाटायचं, आपल्याला हे माहीत आहे, म्हणजे आपण ते करतोच आहोत. पण हात शिकलेले नव्हते. पेड बारीक होत जायचा, तरी तो वळतच राहायचा. मग पेड तुटायचा. तुटला की तो काय करणार? जे त्याला सगळ्यात चांगलं येत होतं, तेच त्यानं केलं. गाठ मारली. चांगली करकचून, निरगाठ. असा तुटला की गाठ, तुटला की गाठ. पंधरा दिवसांत साठ हात झाले, त्याचं त्यालाच कौतुक वाटलं. वरून ओला वाख गुंडाळून त्यानं त्या गाठी झाकल्या. नवीन उपदेश मिळाला नव्हता, तरी या खुशीत उपरण्यालाही एक मारली. त्रेपन्नावी.

माघी पुनवेला सकाळीच सगळं गाव विहिरीवर जमलं. भाचा खांद्यावर नाड्याचं वेटोळं घेऊन आला. आत्यानं नवं लुगडं नेसलं होतं. तिनं लांबूनच वेटोळं पाहिलं आणि तिला ते जरा जाडसर, जरा ओबडधोबड वाटलं. हात लावायला ती पुढे झाली, तोवर लोकांनी नाडा चाकावर चढवलासुद्धा. हळदकुंकू वाहिलं. मोट खाली सोडली.

खाली जाताना ती अडखळत गेली. धप्प. थांबली. धप्प. थांबली.

मोट भरली. मोटकरी नाड्यावर बसला आणि त्यानं बैलांना हाक दिली. बैल उतारावरून चालू लागले. पहिली गाठ चाकाशी आली आणि अडली. बैलांनी जोर लावला, गाठ टुणकन उडून पलीकडे गेली, मोट हिंदकळली, अर्धं पाणी परत विहिरीत. पुढची गाठ आली. परत तेच.

बैल बोलत नाहीत असं म्हणणाऱ्यांनी त्यांच्याबरोबर चाळीस वर्षं काढावी. आत्यानं काढली होती. तिला स्पष्ट ऐकू आलं. डावा बैल उजव्याला म्हणाला, "हा दोर भलताच शहाणा दिसतो. दर दोन पावलांवर थांबून विचार करतोय."

उजवा म्हणाला, "शहाण्याचं ओझं ओढायचं म्हणजे गुडघे जाणार आपलेच."

तेवढ्यात एक मोठी गाठ चाक आणि खांबाच्या मधे रुतली. मोटकऱ्यानं चाबूक वाजवला. बैलांनी मान खाली घालून ओढलं. नाडा ताणला, कुरकुरला, आणि गाठीला लागूनच कडाडून तुटला. मोट विहिरीत कोसळली. ओढ एकदम सुटल्यानं बैल पुढच्या गुडघ्यांवर आपटले, मोटकरी धुळीत लोळला.

नशीब, कोणी गेलं नाही. उजव्या बैलाचे गुडघे सोलले, मोटकऱ्याचा पाय मुरगळला. पण खोल विहिरीत मोट बुडताना निघालेले बुडबुडे सगळ्या गावाला ऐकू आले.

पाटलानं तुटलेलं टोक उचललं, वरचा वाख सोलला आणि गाठ पाहिली. मग आत्याकडे पाहिलं. तो काही वाईट बोलला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "आत्या, तुम्ही घरी जा. उन्हात उभ्या राहू नका."

दुपारी ओढ्यापलीकडच्या दोरवाल्याचा नाडा चढला. पहिली मोट वर आली, ती त्याच्या पोराच्या घागरींत ओतली गेली. आत्याचा हौद कोरडा राहिला. त्यात एक पिंपळाचं पान पडलं होतं, तेवढंच.

भाचा ओट्याच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसला होता. दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी आत्या त्याच्यापुढे येऊन बसली.

"उपरणं आण."

त्यानं आणलं.

"सोड."

"काय?"

"गाठी. एकेक सोड, आणि आत काय निघतं ते मला दाखव."

भाचा सोडायला बसला. निरगाठीच त्या, आणि वर घामानं घट्ट झालेल्या. नखं तुटली, दात लावावे लागले. एकेक गाठ सुटली की आत्या विचारायची, "ही कसली?"

"लवकर उठण्याची."

"आत काय निघालं?"

"काही नाही. सुरकुतलेलं कापड."

"पुढची."

पाचापर्यंत त्याला आठवलं. सहावी गोसाव्याचीच, पण काय ते आठवेना. सातवी सोडून तो तिच्याकडे बघत बसला.

"ही कसली?" आत्यानं विचारलं.

"नाही आठवत."

आत्याला आठवत होती. तिनं ओठ मिटले आणि म्हणाली, "पुढची."

त्रेपन्न सुटल्या, तेव्हा संध्याकाळ झाली होती. उपरणं अंथरलं, तर जिथं जिथं गाठ होती तिथं तिथं कापड विरलं होतं. बापाचं उपरणं चाळणीसारखं दिसत होतं. ते बघून भाचा रडला, आणि आत्यानं त्याला रडू दिलं. चाळणीतून काय गळायचं ते गळू दे म्हणाली.

सकाळी तिनं त्याच्या हातात मूठभर वाख दिला. "वासराचं दावं वळ. पाच हात. दार उघडं ठेवून वळ. एक जरी गाठ दिसली तरी उकल आणि परत वळ. माझ्याशी गाठ आहे, हे तेवढं ध्यानात ठेव."

पहिलं दावं अकरा वेळा उकललं. भाचा ना पैलवानाकडे गेला, ना कारभाऱ्याकडे. वाटेनं गोसावी जात होता, त्यानं आपणहून हाक मारली, "बच्चा, एक गोष्ट सांगू?" भाचा म्हणाला, "महाराज, हात गुंतलेत." आत्यानं चुलीपाशी ते ऐकलं आणि त्या दिवशी त्याच्या भाकरीवर लोणी जरा जास्त पडलं.

होळी झाली, पाडवा झाला. आणि एका सकाळी भाचा ओट्यावरून ओरडतच आत आला. हातात पाच हात दावं, सापासारखं गुळगुळीत.

"आत्या, कळलं! अगं, पेड बारीक झाल्यावर वाख घालून उपयोगच नाही. जाड असतो ना, तेव्हाच सरकवायचा. चिमूटभर. पुढून. आणि हात थांबवायचा नाही. मग सांधा कुठं आहे ते दिसतसुद्धा नाही. बघ. तू बघच."

आत्यानं दावं हातात घेतलं. ताठ बोटांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपलं. कुठं अडलं नाही.

"फार मोलाचं सांगितलंस बाबा," ती म्हणाली. "थांब, पदराला गाठ मारून ठेवते."

आणि खरंच तिनं लुगड्याचा पदर पुढे ओढला.

भाचा हसायला गेला आणि मधेच थांबला. त्याची नजर खुंटीवरच्या उपरण्याकडे गेली. एक, दोन, तीन करत सातव्या विरलेल्या जागेवर येऊन थांबली. त्याचे कान लाल झाले.

"तू सांगितलं होतंस," तो म्हणाला.

"दसऱ्याला."

"मग गाठी सोडताना का नाही आठवण करून दिलीस?"

"चोपन्नावी मारली असतीस," आत्या म्हणाली आणि भाकरी उलथायला वळली.

मान काही लगेच परत आला नाही. गेलेला मान सासरी गेलेल्या लेकीसारखा, बोलावल्याबरोबर येत नाही. भाचा वर्षभर दावी वळत राहिला, मग बैलांच्या वेसणी, मग गाड्यांचे दोर. चौथ्या वर्षी ओढ्यापलीकडचा दोरवालाच पाटलाला म्हणाला, "माझ्या घरच्या गाड्याला मी त्या पोराचा दोर लावतो. मग विहिरीला माझा कशाला?"

त्या माघी पुनवेला नाडा चाकावरून असा सरकला, जसा तेलातून बोट. उतारावरून जाताना डावा बैल उजव्याला म्हणाला, "यंदाचा दोर काही बोलत नाही."

"कामात असेल," उजवा म्हणाला.

पहिली मोट आत्याच्या हौदात रिकामी झाली. आत्या काठावर बसली होती. तिनं आपली ताठ बोटं त्या गार पाण्यात बुडवली आणि कितीतरी वेळ बाहेर काढली नाहीत.

आणि तो पैलवान, तो कारभारी? ते आजही दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्या पोरांना मोठं कसं व्हावं ते सांगत आहेत. ते बिचारे चुकीचं काहीच सांगत नाहीत. म्हणून तर पोरं फसतात.

तेव्हा इथं हा दोर मी हातावेगळा करते, आणि शेवटचं टोक तुमच्या हातात देते: ऐकलेल्या शहाणपणाला गाठ मारून ठेवाल तर कापड विरेल, रोज चिमूट चिमूट हाताखालून जाऊ द्याल, तर त्याचा दोर होईल.